आज्ञेपुढचं वाक्य

टेंभुर्णे साहेबांनी फळ्यावर एक चौकोन काढला आणि त्याला दोन दारं ठेवली. एक पुढून, एक बाजूनं.

"हा तुमचा प्रोग्रॅम, सर," ते म्हणाले. "याला काही सांगायचं तर दोन वाटा. पहिली म्हणजे त्याचं नाव लिहायचं आणि त्याच ओळीत पुढे आपलं म्हणणं लिहून टाकायचं. त्याला आर्ग्युमेंट म्हणतात. दुसरी वाट अशी, की म्हणणं अलीकडे लिहायचं, मध्ये ही उभी रेघ मारायची, म्हणजे पाइप, आणि रेघेच्या पलीकडे प्रोग्रॅमचं नाव. मग नळातून पाणी यावं तसं ते बाजूनं आत जातं. काम दोन्हीकडून एकच होतं. फरक एवढाच, की..."

वऱ्हाडपांडे सर पहिल्या बाकावरच्या पोरासारखे ऐकत होते. हातात चहाचा कप होता, पण तो अजून ओठाला लागला नव्हता.

"फरक काय?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या वाटेनं सांगितलेलं सगळ्या संस्थेला दिसतं, सर."

मी कोपऱ्यातल्या माझ्या टेबलावर हजेरीपटात रेघा ओढत होते. ओढायच्या रेघा केव्हाच ओढून झाल्या होत्या. मी त्यांच्यावरूनच पुन्हा पट्टी फिरवत होते.

अमरावतीच्या एका बियाणं संशोधन संस्थेतली ही गोष्ट. तेव्हा टेबलाटेबलावर संगणक आले नव्हते. एका गार खोलीत एक मोठं यंत्र, आणि विभागाविभागांत त्याला जोडलेला एकेक पडदा. सगळ्यांची कामं त्या एकाच यंत्रात चालत. त्यामुळे ‘आत्ता काय काय चालू आहे?’ असं यंत्राला विचारलं, की ते यादी दाखवी: कोण माणूस, कोणता प्रोग्रॅम, आणि प्रोग्रॅमच्या नावापुढे त्या माणसानं जे लिहिलं असेल ते, जसंच्या तसं. ही यादी बघायला कोणाला मनाई नव्हती. बघत कोणी नसे, एवढंच.

मी बघत असे. मी मूळची लेखा विभागातली. तिथून मला संगणक केंद्रात टाकलं, तेव्हा आधीच्या साहेबांनी सकाळ-संध्याकाळ यादी बघून अडकलेले प्रोग्रॅम कळवायचं काम माझ्याकडे दिलं होतं. पुढे टेंभुर्णे साहेब पुण्याहून शिकून आले आणि ते काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. माझी सवय काही गेली नाही. माणसांचा जमाखर्च आयता समोर उघडा पडलेला असताना नजर दुसरीकडे वळवण्याइतकी मी साधी नव्हते. भांडार विभागातले सदाफळे आल्या आल्या बुद्धिबळ उघडत आणि साहेबांची चप्पल वाजली की मिटवत. कीटक विभागातल्या दोघांचे प्रोग्रॅम रोज बरोबर एकाच वेळी बंद होत. पुढे त्या दोघांचं लग्न ठरलं, तेव्हा पेढा खाताना अख्ख्या संस्थेत मी एकटीच चकित झाले नव्हते.

आणि वऱ्हाडपांडे सर होते. संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख. म्हणजे विभागात ते आणि त्यांचं कपाट. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा कॅनडात. व्हरांड्यात भेटले की ‘नमस्कार’ म्हणत, आणि तो नमस्कारही असा, की उत्तराची गरज नाही. त्यांनी स्वतःपुरता एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता, नाव ‘आठव’. सकाळी त्याला एक वाक्य सांगायचं. तो दिवसभर गुपचूप चालू राही आणि पाच वाजता ते वाक्य पडद्यावर आणून देई. सर ते वाक्य नावापुढेच लिहीत. म्हणजे सरांच्या पडद्यावर ते पाच वाजता येई आणि यादीत मात्र सकाळपासून सगळ्यांसाठी लटकलेलं असे. लिहायचे इंग्रजी अक्षरांत, पण अस्सल मराठी.

सुरुवातीला सगळं सरळ होतं. ‘जाताना दूध.’ ‘धोब्याकडचे सदरे.’ मग एक दिवस आलं: ‘घरी गेल्याबरोबर रेडिओ लावणे. आवाज पाहिजे.’ मग: ‘आज कोणाशी बोललो नाही. पोस्टात जाऊन एक तिकीट मागणे.’ पुढे काही दिवस पोस्टच चाललं. आणि मग: ‘तिकिटं फार साठली. पोस्टमास्तर आता न बोलताच देतो. किराणा दुकान बघणे.’

हे वाचून मी टेबलावर एकटीच हसले. हसू जरा वेळ टिकलं आणि मग मला पाणी प्यायला उठावं लागलं.

एक गोष्ट माझ्या लेखा विभागी डोळ्याला तेव्हाच खटकली होती. यादीची ओळ पडद्याच्या कडेला संपे. त्याहून लांब लिहिलं तर पुढचं कापलं जाई. बाकी सगळ्यांच्या ओळी कुठे ना कुठे कापलेल्या असत. सरांचं वाक्य कधी कापलं गेलं नाही. मी म्हटलं, असेल माणूस मोजकं बोलणारा.

मग एकदा आलं: ‘रेडिओ बंद पडला. घर फार मोठं झालं.’

त्या दिवशी सर व्हरांड्यातून जाताना दिसले, तशी मी आमच्या शिपायाला हाक मारली. "गुलाबराव, राजापेठेतला तो घड्याळवाला आहे ना, तो रेडिओ पण फार छान दुरुस्त करतो बरं का!"

"मले काहून सांगता बाई?" गुलाबराव म्हणाला. "माह्याकडं रेडिओच नाही."

"घेशील तेव्हा लक्षात ठेव."

"घेईन तं नवाच घेईन ना जी. नवा घेतला का त्याले लगेच घड्याळवाल्याकडं नेऊ?"

सर न थांबता पुढे गेले. पण दोन-तीन दिवसांनी यादीत आलं: ‘रेडिओ चालू. राजापेठेतला माणूस गुणी. सांगणाऱ्याचं भलं होवो.’ त्या दिवशी मी हजेरीपटात हजर माणसांना रजा लावल्या आणि रजेवरच्यांना हजर केलं.

हे सगळं चाललं असताना भांडार विभागात कोणीतरी आपला पासवर्डच आज्ञेपुढे, म्हणजे प्रोग्रॅमच्या नावापुढे, लिहून ठेवला. टेंभुर्णे साहेबांनी डोक्याला हात लावला आणि कोण काय लिहितं ते बघायला बसले. त्यात त्यांना सरांचा ‘आठव’ दिसला. साहेब मनानं फार चांगले. चारचौघांत सांगितलं तर म्हाताऱ्या माणसाला लाज वाटेल म्हणून त्यांनी सरांना मुद्दाम केंद्रात बोलावलं, चहा मागवला आणि फळ्यावर चौकोन काढला.

"म्हणजे मी इतके महिने जे लिहिलं," सर सावकाश म्हणाले, "ते कोणीही वाचू शकत होतं?"

"वाचू शकत होतं म्हणजे, तशी सोय होती. पण तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"कोणी वाचलं का?"

"छे हो, सर! इथं लोकांना स्वतःचं काम बघायला सवड नाही."

"कोणीच नाही?"

"मी खात्रीनं सांगतो. ती यादी माझ्याशिवाय कोणी उघडत नाही, आणि मीही अडकलेले प्रोग्रॅम तेवढे बघतो. नावापुढचं कालच पहिल्यांदा वाचलं. निमदेव मॅडमना तर ती उघडायची गरजच पडत नाही. हो ना, मॅडम?"

सरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे नीट पाहिल्याचं मला आठवत नव्हतं. मी पट्टी धरून खाली बघत राहिले. माझं ‘हो’ गृहीत धरून साहेब पुढे बोलू लागले. एका पुरुषाची खासगी वाक्यं आपण रोज वाचतो, हे दुसऱ्या पुरुषासमोर कसं कबूल करायचं? शिवाय मला वाटलं, गप्प राहण्यातच सरांची अब्रू आहे.

"बरं झालं," सर म्हणाले. चहा तसाच ठेवून उठले. "छान समजावलंत, टेंभुर्णे."

साहेबांनी त्याच दुपारी ‘आठव’मध्ये बदल करून दिला, म्हणजे तो पाइपनं आलेलं वाक्यही घेईल. दुसऱ्या दिवशी सकाळी यादीत वऱ्हाडपांडे हे नाव होतं, ‘आठव’ होता, आणि पुढे काही नव्हतं. ओळ कडेपर्यंत मोकळी.

तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. प्रोग्रॅम चालू होता, म्हणजे माणूस रोज काहीतरी सांगत होता. पण ते रेघेच्या वाटेनं आत गेलेलं. एखाद्याच्या ओसरीवर आपण रोज घटकाभर टेकावं आणि एक दिवस दार लावलेलं दिसावं, आतून बोलल्यासारखं वाटावं पण शब्द कळू नये, तसं झालं. मी यादी उघडायची, ओळ बघायची, मिटायची. दुपारी पुन्हा उघडायची. साहेबांनी एकदा विचारलंसुद्धा, "मॅडम, काही अडलंय का?" मी म्हटलं, "नाही, डोळ्यांची तपासणी करतेय."

महिनाअखेरीला सर निवृत्त व्हायचे होते. सूचनाफलकावर कागद लागला होता: शेवटच्या दिवशी चार वाजता निरोप समारंभ, उपस्थिती प्रार्थनीय. त्याच दिवशी पाच वाजता त्यांचं यंत्रातलं खातं बंद होणार, हे मला साहेबांच्या टेबलावरच्या कागदांवरून माहीत होतं.

मी एकदा त्यांच्या खोलीपर्यंत गेले. दार उघडंच होतं.

"या, बसा," सर म्हणाले.

मी बसले. टेबलावर एक कोरा कागद होता आणि त्यावर पेन. खिडकीबाहेर कोणीतरी पाइपनं रोपांना पाणी घालत होतं.

"काही काम होतं?"

"तुमच्याकडे स्टेपलर आहे का, सर?"

त्यांनी खणातून स्टेपलर काढून दिला. मी तो घेतला, आभार मानले आणि परत आले. माझ्या खणात दोन होते. आता तीन झाले.

स्टेपलर परत करायला पुन्हा जावं की नाही या विचारात मी ग्रंथालयात गेले, तर कादरीबाई पुस्तकांना नंबर चिकटवत बसलेल्या. कादरीबाई संस्थेत माझ्या आधीपासूनच्या. त्यांना कोणाचंही काहीही विचारावं.

"सरांना निरोपाला काय द्यायचं ठरलं?" मी विचारलं.

"शाल. दुसरं काय देऊन राहिले आपले लोक? माणूस उन्हाळ्यात रिटायर झाला तरी शालच." त्यांनी डिंकाचं बोट पुसलं. "मले तं वाईट वाटते बाई. हे मशीन आलं ना पहिल्यांदा, तवा कोणाले काही येत नव्हतं. वऱ्हाडपांडे सरांनीच क्लास घेतला होता आम्हा सगळ्याइचा."

"मशीनचा? सरांनी?"

"मंग कोणी? तुमचे टेंभुर्णे साहेब तवा हाफपँटमधी असतील. सरांचं एक वाक्य मले अजून पाठ आहे. फळ्यावर हे मोठ्ठं लिहिलं होतं: ‘आज्ञेपुढे लिहाल ते गाव वाचेल. लपवायचं असेल तर पाइपनं द्या.’ आणि त्याखाली दोन रेघा. म्हणाले, बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका."

"हे सर म्हणाले?"

"हो ना जी. काहून? असं काय पाहून राहिल्या?"

मी काहीतरी बोलून उठले. ग्रंथालय ते केंद्र हा व्हरांडा लांब आहे. त्या व्हरांड्यात मला सरांची ती न कापलेली वाक्यं एकामागून एक आठवत गेली. कडेपर्यंत येऊन थांबणारी. पडद्याची रुंदी मोजून लिहिलेली. आणि फळ्यासमोर बसलेले सर आठवले. स्वतःचाच धडा दुसऱ्याच्या तोंडून मान डोलावत ऐकणारे. ‘कोणी वाचलं का?’ असं त्यांनी विचारलं होतं. आम्ही त्यांची समजूत घातली होती.

निरोपाला दोन दिवस राहिले होते. मी टेबलाशी बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा, कोणी न सांगता, यंत्राला स्वतःचं काही सांगायचं ठरवलं. ‘आठव’ सरांनी स्वतःपुरता लिहिला असला, तरी यंत्रात तो कोणालाही वापरता येत असे. पाइप कसा वापरायचा याची सूचना टेंभुर्णे साहेबांनी आता भिंतीवर लावली होती; मी तिच्याकडे बघत बघत, एकेक अक्षर शोधत वाक्य लिहिलं: ‘सर, मी वाचत होते.’ मग उभी रेघ. रेघेपलीकडे ‘आठव’. बटण दाबलं आणि यादी उघडली.

निमदेव. आठव. पुढे मोकळं.

मला कळायला जरा वेळ लागला. साहेबांच्या सूचनेबरहुकूम, अगदी बिनचूक, मी माझं वाक्य आत घालून दार लावलं होतं. तरी खुळ्यासारखी दिवसभर वाट बघितली. पाच वाजता ‘आठव’नं आपलं काम चोख केलं. माझ्याच पडद्यावर, माझ्याच समोर, वाक्य आलं: ‘सर, मी वाचत होते.’ मी ते वाचलं. वाचणारी मी एकटीच होते.

त्या रात्री घरी स्वयंपाक करताना मी चुकीची वाट आणि बरोबर वाट यांचा हिशोब करत होते. नावापुढे लिहायचं म्हणजे सदाफळे वाचतील. कीटक विभाग वाचेल. संस्थेत चाळिशीच्या पुढच्या, लग्न न झालेल्या बाईबद्दल लोक वाक्य नसतानाही पुष्कळ वाचत. शिवाय सर यादी बघत असतील कशावरून? लिहिणारा माणूस वेगळा आणि वाचणारा वेगळा.

शेवटच्या दिवशी सकाळी शाल आली, हार आला, हाराचं पाणी व्हरांडाभर ठिबकलं. यादीत सरांचा ‘आठव’ चालू होता. पुढे मोकळं. मी डबा खणात ठेवला, बसले, आणि ‘आठव’ लिहिलं. रेघ नाही. पुढे जे सुचलं ते ‘मी वाचत होते’ नव्हतं. ते आता फार अपुरं वाटलं. मी लिहिलं:

‘आई जाऊन वर्ष झालं. भाजी अजून दोघींची होते. आजही डब्यात जास्त आहे.’

पडद्याची कड येण्याआधी संपेल एवढंच लिहिलं. आई गेल्याचं संस्थेत सगळ्यांना ठाऊक होतं, तेव्हा एक दिवसाची रजा मांडली होती मी. भाजीचं कोणालाही ठाऊक नव्हतं. मी बटण दाबलं आणि यादी उघडली. निमदेव, आठव, आणि पुढे सगळं वाक्य, उघड्यावर, संस्थेच्या मधोमध.

मग काही झालं नाही. सदाफळेंनी बुद्धिबळ उघडलं, मिटलं. गुलाबराव चहा ठेवून गेला. मी यादी पुन्हा पुन्हा मागवत होते आणि दर वेळी माझं वाक्य मलाच वाचायला मिळत होतं. इतकं मोठं वाक्य मी का लिहिलं असं वाटायला लागलं. सर हे रोज करत होते, महिनेच्या महिने, तेव्हा त्यांना काय वाटत असेल ते मला त्या दोन तासांत कळलं.

जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी यादीतून सरांचा ‘आठव’ गेला. त्यांची ओळच गेली. मी म्हटलं, संपलं, आवरायला लागले असतील. तरी आणखी एकदा यादी मागवली.

वऱ्हाडपांडे. आठव. आणि पुढे, इतक्या दिवसांनी: ‘कसली भाजी?’

आतल्या खोलीतून टेंभुर्णे साहेबांचा आवाज आला. "अरे देवा! सर पुन्हा विसरले वाटतं!" लगेच खुर्ची सरकली आणि साहेब दारात आले. "मॅडम, तुम्हीसुद्धा? ते तुमचं वाक्य... आज्ञेपुढे लिहिलंय तुम्ही. सगळ्यांना दिसतंय."

"माहीत आहे, साहेब," मी म्हटलं आणि पुढची ओळ लिहायला घेतली. ‘दोडक्याची. मुगाची डाळ घातली आहे. पोळ्या पण पुरतील.’